वरच्या काकांचा डबा

"जिभेवर जरा ताबा ठेवा," डॉक्टर म्हणाले, तेही कागदावरची नजर न उचलता, आणि वरच्या काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिभेवर ताबा! अहो, ज्या माणसाला दुपारचं जेवण धड बसून खाल्लेलं बावीस वर्षांत आठवत नाही, त्याला हे ऐकवायचं? काही जनाची नाही तर मनाची?

वरचे काका म्हणजे इमारतीच्या कामावर क्रेन चालवणारे. पंधरा मजल्यांइतक्या उंचीवर काचेची केबिन, एक खुर्ची आणि दोन हातांत दोन दांडे. खाली दोनशे माणसं. त्यांचं लोखंड, विटा, काँक्रीट सगळं काकांच्या हुकाला लटकून वर जायचं. हुक थांबला की काम थांबलं. मिस्त्री थट्टेनं म्हणायचे, "वरच्याची मर्जी असेल तरच भिंत उभी राहायची बाबा." काकाही हसायचे. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण सोसायलाही काही सीमा असते.

जेवणाची सुट्टी अर्धा तास. शिडीच्या पायऱ्या दोनशे चाळीस. उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा. उरली पाच. त्या पाच मिनिटांत हात धुवायचे की जेवायचं? म्हणून काका उतरायचेच नाहीत. वर तरी निवांतपणा होता म्हणता? घास तोंडाशी नेला रे नेला की वॉकीटॉकी कोकलायची, "काका, काँक्रीटची एवढी एक बादली उतरवा, मग खुशाल खा!" हे इंजिनिअरसाहेब. स्वतः खिशातल्या पुड्यातली बिस्किटं तोंडात टाकत दिवसभर पळणारा माणूस, त्याला दुसऱ्याच्या पोटाची काय पडलेली! एक बादली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. काकूंनी दिलेल्या डब्यातली भाजी, डाळ, अंडी खायला हात मोकळे लागतात, आणि हात तर दांड्यांवर. मग दोन बादल्यांच्या मधे एका हातानं जे गिळता येईल ते गिळायचं. क्रीमची बिस्किटं, गोड पाव, थर्मासमधला साखर घोटलेला चहा, उन्हाळ्यात रंगीत सरबताची बाटली. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड. घरी आल्यावर भुकेनं कावलेला हा माणूस ताट तर संपवायचाच, वर तो डबाही.

दोन वर्षांपासून काकांची मान काळी पडत चालली होती. काकूंना वाटायचं, क्रेनचं ग्रीस. "शेंबड्या पोरासारखी मान मळवून येता," असं करवादत त्या साबण लावून घासायच्या. कातडी लाल झाली, पण काळेपणा काही हलेना. मळ असता तर गेला असता ना!

मग कंपनीनं पत्र्याच्या शेडमध्ये तपासणी ठेवली. त्यात काकांची साखर वाढलेली निघाली. "तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये," डॉक्टरांनी सांगितलं. "तीन महिन्यांत आकडे उतरले नाहीत, तर क्रेनवर बसायचा दाखला मिळणार नाही." आणि मग ते जिभेचं शहाणपण. दाखला नाही म्हणजे काय, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. बावन्नाव्या वर्षी फाटकापाशी स्टूल टाकून गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं. ज्या हातांनी अख्ख्या इमारती उचलल्या, त्या हातांनी!

रक्त घेणाऱ्या सिस्टर तेवढ्या वेगळ्या निघाल्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही जेवता कधी?"

आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं. काकांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. सिस्टरनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दिवसभर ती वॉकीटॉकी कोकलत राहिली तर काय होतं?"

"कान किटतात. पुढं पुढं लक्षच जात नाही."

"मग ते आणखी जोरात ओरडतात. हो ना? तसंच आहे हे. गोड पोटात गेलं की साखर आत घ्या म्हणून इन्सुलिन शरीराला हाक मारतं. तुम्ही त्याला दिवसभर हाका मारायला लावता. त्यात बसून काम आणि सुटलेलं पोट. शरीर ऐकेनासं होतं आणि साखर रक्तातच फिरत राहते. मानेवरचा तो काळेपणासुद्धा त्याचीच खूण असू शकते, मळ नव्हे. गोडाचा मारा थांबवा, वेळेवर धड जेवा, रोज थोडं चाला. पुष्कळांचं सुधारतं यानं."

काका तडक इंजिनिअरसाहेबांकडे गेले. "जेवायला तासभर द्या."

"हुक तासभर रिकामा ठेवू? वेडबीड लागलंय का काका?"

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शिडीच्या बुंध्याशीच चकचकीत पाटी लागली. वेळेवर जेवा, निरोगी राहा. वर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. याला म्हणतात निर्लज्जपणा! काकांनी ती दोनदा वाचली. डबा खांद्याला अडकवून वर चढले.

बरोबर एक वाजता त्यांनी बादली जमिनीवर टेकवली, हुक वर घेतला, क्रेनचा लांब हात नियमाप्रमाणे वाऱ्यासोबत फिरायला मोकळा सोडला आणि डबा घेऊन उतरायला लागले. गळ्यातली वॉकीटॉकी ओरडत होती, "काका! अहो काका, हुक!" काका पायऱ्या मोजत होते. खाली आल्यावर हात धुतले, पाटीखाली ऐसपैस मांडी घातली आणि डबा उघडला.

साहेब धापा टाकत आले. "काका, दोनशे माणसं खोळंबलीत!"

"ही पाटी तुम्हीच लावलीत ना? वाचा की मोठ्यानं. बावीस वर्षं गिळलं मी तुम्हा साहेबलोकांच्या बादल्यांच्या मधे, आणि जीभ म्हणे माझी वाईट!"

"मी वर तक्रार करीन!" वॉकीटॉकी हिसकावून घ्यायला साहेब वाकले, तशी त्यांची कॉलर मागे सरकली. काकांचा घास हातातच राहिला. चाळिशीही न गाठलेल्या त्या मानेवर तोच काळा पट्टा होता.

"साहेब," काकांचा आवाज उतरला, "घरी मान घासतात का हो तुमची?"

साहेबांचा हात आपसूक मानेकडे गेला. "बायको म्हणते, साइटवरची धूळ आहे."

"धूळ नाही ती. तुमचा डबा कुठाय?"

"गाडीत."

"उघडला होता कधी?"

साहेबांच्या खिशातला बिस्किटांचा पुडा वर डोकावत होता. त्यांच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली, वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारत होतं, "साहेब, हुक कधी मिळणार?"

साहेबांनी बटण दाबलं. "दोन वाजेपर्यंत मिळणार नाही."

"उद्यासुद्धा, म्हणावं," काका म्हणाले आणि बाजूला सरकून त्यांनी जागा केली.