कर्ण्यावरची पोथी

आमच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. त्याला दोन माणसं लागतात, एक ओवी वाचणारा आणि दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगणारा. अर्थ सांगायला माझे सासरे, मामा. वाचायला त्यांचे चुलतभाऊ बसायचे, ते उन्हाळ्यात गेले. मामांना आता अक्षर दिसत नाही, आणि गावातल्या एकाही बाप्याला वेळ नव्हता. कुणाची उसाला पाण्याची पाळी, कुणाची मॅच, कुणाचं शिराळ्याला अचानक काम निघालेलं. शेवटी मामा मला म्हणाले, "पोरी, तूच बस." सुनेनं देवळात पोथी वाचायची म्हणून दोघाचौघांनी नाकं मुरडली. पण स्वतः बसायची तयारी त्यांचीही नव्हती, म्हणून गप्प राहिले.

पोथीला तिसरंही माणूस लागतं, ते म्हणजे हुंकार देणारं. मामांनी अर्थ सांगितला की समोरून कुणीतरी "व्हय" म्हणायचं. नाही म्हटलं तर मामा पुढं जात नाहीत. "हुंकार न्हाई म्हंजे कळलं न्हाई. पुन्यांदा सांगाय पायजे," असं त्यांचं ठरलेलं. मग तीच ओवी ते दुसऱ्या तऱ्हेनं समजावतात.

पहिले काही दिवस सभामंडप भरलेला असायचा. पुरुष मान खाली घालून इतके शांत बसायचे की मला वाटलं, काय ही भक्ती! मग एकाच्या मांडीत गाणं वाजलं आणि भक्तीचा उलगडा झाला. बायकांची मालिका सुरू व्हायची वेळ झाली की एकेक पदर सावरत उठायची. मी तरी कुठली मोठी? नवरा फौजेत, त्याला तिकडं रेंज मिळते ती नेमकी त्याच वेळेला. तोंडानं ओवी आणि कान कमरेला खोचलेल्या फोनकडं, असं माझं चाललेलं.

माणसं गळायला लागली तशी मंडळाच्या अध्यक्षाला दया आली. पोरगा गुणाचा आहे. म्हणाला, "वैनी, माइक लावू. देवळावर कर्णा हायच. धारा काढता काढता समदं गाव ऐकंल. म्हाताऱ्यांची बी सोय हुईल."

मामांना लय आनंद झाला. "समद्या गावाला जाईल व्हय?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या संध्याकाळी त्यांनी ठेवणीतलं धोतर काढलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून देवळात कुणीच येईना. घरबसल्या ऐकू येतंय म्हटल्यावर कशाला यायचं? गुरव दिवा लावून चहाला निघून गेला. मी ओवी वाचली. मामांनी अर्थ सांगितला आणि थांबले. हुंकार नाही. त्यांनी पुन्हा सांगितला, बैलाचा दाखला देऊन. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा सांगितला, तेव्हा आवाज कापायला लागला होता. मला राहवलं नाही. मीच म्हणाले, "व्हय मामा."

"तू वाचनारी. तुजा धरत न्हाईत."

मग ते माइककडं वळून म्हणाले, "आवं, कोन हाय का?"

ते गावभर गेलं. दारातून मला समोरच्या घरची बाई दिसत होती. तिनं कर्ण्याकडं वर बघितलं आणि परत भांडी घासायला लागली. मला संताप आला, आणि त्याच्या मागोमाग रडू. ओढून आणणार तरी कुणाकुणाला?

कमरेचा फोन थरथरला. अध्यक्ष होता. "वैनी, एकच ओवी परत परत येतीया. मशीन अडकलं का?"

"मशीन बरं आहे. तू ये. नुसतं समोर बसून व्हय म्हण."

"आलोच," तो म्हणाला. आमच्याकडच्या 'आलोच'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. मामांनी बरीच वाट बघितली आणि मग मला पोथी बांधायला लावली. अर्धी पोथी बांधणं आमच्यात अशुभ मानतात. मामांनी जन्मात कधी बांधली नव्हती. 

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आला, मामांच्या पाया पडला. म्हणाला, "आबा, काळजी करू नगा. मोबाइलवर समदी पोथी हाय, अर्थासकट. समाप्ती ठरल्या दिवशीच हुईल, परसाद बी." मन लावून करत होता बिचारा. त्याच्यावर रागावणार तरी कसं?

त्या दिवसापासून वेळ झाली की कर्णा आपला आपण सुरू होतो. कुणा लांबच्या माणसाचा खणखणीत आवाज येतो. ओवी, अर्थ, ओवी, अर्थ, कुठं अडखळणं नाही. मामा सोप्यात घोंगड्यावर बसून कान देऊन ऐकतात. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "चांगला सांगतोय, नाही का?"

"चांगला सांगतोय की," मामा म्हणाले.  "पर पोरी, त्यो सांगतोय कुनाला?"