टाके भिजू नयेत म्हणून

“बसा तुमी, अक्का. मी हुबीच बरी हाय.”

कुणाच्याही घरी गेली तरी तिचं हेच. चटई टाका, पाट द्या, ही बया दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल आणि म्हणाला असाल, काय हिचा तोरा! मीही तेच म्हटलं होतं.

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये चिंध्या निवडायचं काम असे. कारखान्यात मशिनी पुसायला लागतात, त्या चिंध्या. आम्ही बायका फतकल मारून बसायचो आणि ती फळीवर ढीग घेऊन उभ्यानं निवडायची. पाय काय भाड्यानं आणलेत का गं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणते कशी, “व्हय की. म्हनून तर वसूल करून घेती.”

तिच्याजवळ वास यायचा. खोटं कशाला बोलू? मालकानं शेडमध्ये उदबत्त्या लावायला सुरुवात केली. नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. एके दिवशी एकीनं नाकाला पदर लावला आणि हिला बाहेर उभी करा म्हणाली. मी तोंडाची फाटकी. तिची अशी बिनपाण्यानं केली की पुन्हा महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. आणि हिनं मात्र मलाच समजावलं, की भांडू नका, त्यांचं काय चुकलं?

त्या दुपारी शेडच्या मागं तिनं सगळं सांगितलं. ती जतकडची, मेंढपाळाच्या घरची, सासरही तसलंच. पहिल्या बाळंतपणात मूल अडलं. दोन दिवस कळा. सुईण म्हणत राहिली, पहिलं हाय, वेळ लागतो. जवळच्या आरोग्य केंद्राला डॉक्टरच नव्हता. शेवटी ट्रकात घालून सांगलीला आणली, तोवर लेकरू पोटातच गेलेलं. ही वाचली. पण घरी आल्यावर लघवी आपोआप गळायला लागली, ती थांबेचना. सासूनं तिचं अंथरूण कोकरांच्या शेजारी नेऊन टाकलं. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी केली. भाऊ मेंढरं घेऊन फिरतीवर असायचा, म्हणून त्यानं तिला इथं मावशीकडं आणून सोडलं. चिंध्यांचं काम तिनं का धरलं, तेही मला तेव्हा कळलं. मऊ सुती तुकडे मालक तिला घरी नेऊ द्यायचा.

“मला दुसरं कायबी नगं, अक्का,” ती म्हणाली. “एक रात कोरड्या लुगड्यात झोपायचं हाय.”

मला राग आला. सासूचा, नवऱ्याचा, त्या आरोग्य केंद्राचा, देवाचासुद्धा. माझी जाऊ मिरजेच्या एका दवाखान्यात आया होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, असल्या बाया येतात की, शिवून मिळतं. इतक्या वर्षांत हे हिला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं!

मी तिला तिथं घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. बाळाचं डोकं अडून राहिल्यामुळं लघवीच्या पिशवीला भोक पडलंय, म्हणाल्या. ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत लघवी नळीतून बाहेर जाणार होती. भरपूर पाणी प्यायचं, नळी वाहती राहिली पाहिजे, असं नर्सनं बजावलं. मी भेटायला गेले, तर माझा हात धरून तिनं चादरीवर ठेवला. “हात लावून बघा की.” चादर कोरडी होती. ती इतकी झोपायची की शेजारच्या खाटेवरच्या बाया हसायच्या. मीही हसले.

आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

ती पाणी पीतच नव्हती. पाणी कमी तर गळणं कमी, ही तिची जुनी सवय. त्यावरच तिनं माणसांत दिवस काढले होते. इथं तिला वाटलं, जास्त प्यालं तर टाके भिजतील, कुजतील. नर्स तांब्या भरून ठेवी, ही खिडकीबाहेर ओती. रिकामा तांब्या पाहून सगळे खूश. लघवी गढूळ झाली, नळी तुंबली, पोटातली पिशवी फुगली आणि टाके उसवले. अंथरूण पुन्हा ओलं झालं, तेव्हा रडत रडत तिनं हे कबूल केलं. तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं मला. दिल्या नाहीत. तिला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघीही भिजलो.

काही महिन्यांनी पुन्हा शिवता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर भाऊ तिला घेऊन गेला. मुदत झाली तरी ती आली नाही, तेव्हा पत्ता काढत मी एस.टी.नं पाटणकडं गेले. खतासाठी एका शेतात त्यांची मेंढरं बसवली होती. ती मला पाहून खुलली, भाकरी खाऊनच जा म्हणाली. चल, या खेपेला मी उशाशी बसून पाणी पाजते, मी म्हणाले.

तिनं मान हलवली. “अक्का, वल्यात ऱ्हायची मला सवं हुती. तुमी कोरडं करून दावलं. आता आनी येकदा कोरडी झाले आन् परत गळाय लागलं, तर मी जगायची न्हाई.”

मी समजावलं, शिव्या घातल्या, हातापाया पडले. तेवढ्यात भावानं हाक मारली, मेंढरं उठली. तिनं एक लंगडं कोकरू काखेत घेतलं आणि निघाली. लुगडं मागून पायापर्यंत ओलं होतं. मी बांधावर बसून ढसाढसा रडले. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.