बोटीचे स्पीकर आणि रम्याचा कान

बेंगळुरात समुद्र नाही, नाव घेण्यासारखी नदी नाही, आणि तरी माझा नवरा बोटींत स्पीकर बसवतो. हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ अजित इतका हसला की त्याला ठसका लागला. पण आहे ते आहे. इंदिरानगर-कोरमंगलाकडच्या पैसेवाल्या पोरांना सुट्टीला धरणाच्या पाण्यावर फिरायला बोट लागते आणि बोटीत गाणं लागतं. एरवी ती बोट मारतहळ्ळीच्या पुढं एका पत्र्याच्या शेडमागे ट्रेलरवर उभी असते. तिथं आमचे नागराजराव कोरड्या बोटीत मांडी घालून बसतात आणि गाणी लावतात.

सासऱ्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ह्यांनी त्यात गाड्यांचे स्टीरिओ आणले, मग बोटींचे. वायरी कुणीही जोडतं, खरं काम अ‍ॅम्प्लिफायरच्या क्रॉसओव्हरचं, असं हे म्हणतात. मला समजलं ते एवढंच, की चाळणीनं आपण रवा आणि पीठ वेगळं करतो तसं ते गाणं चाळतं. ढोलाचा जाड आवाज सीटखालच्या मोठ्या स्पीकरला, झांजेचा बारीक आवाज वरच्या छोट्यांना. कुठं तोडायचं आणि कुणाला किती द्यायचं, ते बारकी बटणं फिरवून ठरवायचं. पाण्यावर आवाज अडवायला भिंती नसतात, त्यामुळे बोटीचं काम आणखी किचकट.

ह्या कामाला कान लागतो, आणि ह्यांचा कान गेला. सगळा नाही, मी चिडून बोललेलं अक्षर न् अक्षर ऐकू येतं. बारीक आवाज तेवढा गेला. काखेतला थर्मामीटर टीट टीट करून थकतो, तरी हे हात दाबून बसलेले.

रम्या इथं होती तोवर ह्यांचं काही अडलं नाही. ती आमची एकुलती एक लेक. कॉलेज सुटलं की थेट ह्यांच्याकडे. ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार आणि हे पुढून विचारणार, "आता?"

"स्वल्प कमी करा, अप्पा."

"आता?"

"सरी."

सरी म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. बापलेकीचं बोलणं एवढंच. घरी आल्यावर दोघं आपापल्या ताटात बघून जेवायची. मी करवादायची, पण मनातून बरं वाटायचं.

मग ती नोकरीसाठी नेदरलँडला गेली. विमानतळावर हे तिला "पोचलीस की कळव" म्हणाले आणि परतताना कॅबच्या स्पीकरला नावं ठेवत बसले. त्यांचं तोंड मला बघवेना. तेव्हापासून तिचा फोन आला की "आईशी बोल" म्हणून तो माझ्या हातात यायचा.

ती गेल्यावर पहिलं बोटीचं काम आलं ते श्रीहर्ष नावाच्या मुलाचं. मी विचारलं, "तुम्हाला जमायचं का हे आता?"

"रम्या आहे की," हे म्हणाले. "फोनवर ऐकेल. तिचा कान मिळाला तर बोटींची कामं घेईन, नाहीतर सोडून देईन."

ही कामं सोडली तर ह्या माणसाचं काय उरणार?

डबा घेऊन मी शेडवर जायची तेव्हा बघायची. फोन बोटीच्या कडेवर उभा केलेला, गाणं दणदणतंय आणि हे ओरडतायत, "आता?" तिकडून रम्या, "सरी, अप्पा!" तेवढ्यावर काम संपलं असतं. पण हे बटण पुन्हा भलतीकडेच फिरवायचे आणि पुन्हा विचारायचे. काम असं किती दिवस लांबलं! घरी येताना मात्र स्कूटरवर शीळ घालायचे. मी म्हटलं, चला, देव पावला.

बोट पाण्यावर गेली आणि श्रीहर्षचा फोन आला. "अंकल, आवाज वाढवला की कानात सुई टोचते. माझी आई कानात बोटं घालून बसलीय." हे "परत आण" एवढंच म्हणाले. माझं डोकंच फिरलं. आत जाऊन मी रम्याला फोन लावला.

"अगं, सरी सरी म्हणत होतीस ती कुठल्या कानानं? अप्पांची लाज गेली!"

ती म्हणाली, "आई, गाणं इकडे येतच नाही. फोनला तो गोंगाट वाटतो, तो कापून टाकतो. मला फक्त अप्पा ऐकू येतात. 'आता?' म्हणतात, मग सगळं शांत, मग पुन्हा 'आता?' खरं सांगितलं असतं तर त्यांनी फोन करणं सोडलं असतं गं."

माझा राग गळून गेला. दोघी फोनवर मनसोक्त रडलो.

बोट परत आली तेव्हा मी साडी खोचून ट्रेलरवर चढले. "आज माझा कान घ्या. बरा-वाईट जो आहे तो." हे हसले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. टोचलं की मी "अय्यो" म्हणायची, हे कमी करायचे. संध्याकाळपर्यंत गाणं असं मऊ वाजायला लागलं की शेडचा वॉचमनही बाहेर येऊन उभा राहिला.

मग मी सांगून टाकलं. "रम्याला गाणं कधी ऐकूच गेलं नव्हतं."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. आवाजाचंच काम करतो ना मी."

"मग काम बिघडवून घेतलंत कशाला?"

"अंदाजानं जमेल असं वाटलं." पुसून लख्ख झालेलं अ‍ॅम्प्लिफायर हे पुन्हा पुसायला लागले. "नुसता फोन लावायचा तर तिच्याशी काय बोलायचं, ते मला येत नाही."

मी स्टीरिओ बंद केला. रम्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ह्यांच्या हातात दिला.

"अप्पा? आज काम नाही?"

"नाही." ह्यांचा दुसरा हात बटणांकडे गेला, तो मी धरून ठेवला. रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येत होती. ह्यांनी दोनदा घसा खाकरला.

"रम्या, तुझ्याविना करमत नाही गं."

मग रडता रडता ती बोलली, अगदी बारीक आवाजात.

ह्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली? मला ऐकू नाही आलं."

"मलाही करमत नाही, म्हणाली."