तीन वाटांनी गेलेला अर्ज

टपालावर आमच्या शेजारच्या सारंगचाचांइतका गाढ अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. बोटीवरच्या खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग म्हणून त्यांनी तीस वर्षं समुद्र पालथा घातला होता. वादळाला ते कधी भ्याले नाहीत, पण पोस्टाची लाल पेटी दिसली की त्यांचा चेहरा उतरे. पत्र टाकल्यावर ते पेटीला दोन थापा मारत, आत काही अडकलंय का ते कान लावून ऐकत, आणि पोस्टमन येऊन पेटी उघडेपर्यंत समोर उकिडवे बसून पहारा करत. पुतण्याच्या निकाहाची आमंत्रणं त्यांनी रीतसर टपालानं धाडली आणि ती पोचली का, हे विचारायला पोस्टमनच्या आधीच घरोघर जाऊन आले.

अशा माणसाच्या हाती माझा कॉलेजचा अर्ज सापडला. मी तेव्हा अकरावीत, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होते. मला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी मुंबईच्या एका कॉलेजात नि तिथल्या वसतिगृहात जागा मिळायला हवी होती. माझे वडील, अण्णा, शब्दाचे पक्के. "यंदा जागा मिळाली तर जा," ते म्हणाले, "नाही तर पुढच्या वर्षीची वाट बघायची नाही. स्थळं बघायची." हे चाचांनी मधल्या दगडी गडग्यापलीकडून ऐकलं आणि मुंबईच्या पुतण्याकडून फॉर्म मागवले. एक नाही, तीन.

"एक टपालान, एक बोटीन, एक यष्टीन," ते म्हणाले. "कंचा तरी पोचंल गो बाय."

पावसाळ्यात बोटी बंद होणार, तेव्हा अर्ज निकालाच्या आधीच निघाले पाहिजेत असा त्यांचा हुकूम होता. गुणांच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं तर म्हणाले, "लिव, येतील तेवडे." मी आपलं ‘निकाल लागायचा आहे’ असं लिहिलं. वळणदार अक्षरात पहिला फॉर्म पुरा केला, तर चाचांनी पेलाभर समुद्राचं पाणी आणून त्यावर शिंपडलं. माझं नाव, गाव, जन्मतारीख सगळं निळं होऊन ओघळलं. "बगितलंस? बोटीतून खाली पडला असता तर?" मी रडकुंडीला आले. पुन्हा फॉर्म मागवला. मग तिन्ही अर्ज चाचांनी मेणकापडात गुंडाळून दाभणानं शिवले आणि वरचे पत्ते, परीट कपड्यांवर खुणा करतो तसे, बिब्ब्यानं घालायला लावले. मी महिनाभर मैत्रिणींना त्यांच्या नकला करून दाखवत होते.

जूनमध्ये निकाल लागला. मी कॉलेजला गुण कळवले. दिवस जात होते, उत्तर नव्हतं, आणि अण्णांनी माझ्या जन्मपत्रिकेच्या दोन नकला करून घेतल्या होत्या. शेवटी पत्र आलं. एकाच घरच्या, एकाच नावाच्या आणि एकाच दिवशी जन्मलेल्या तिन्ही भगिनींना प्रवेश देणं शक्य नाही, तरी तिघींपैकी एकीस पाठवावे, असं कॉलेजनं कळवलं होतं. आम्ही हसून बेजार झालो. चाचा मात्र गंभीर होते. "अण्णा, तिगींत एक लागली," ते म्हणाले. "एकच धाडली असती तर?" अण्णांनी जन्मपत्रिकेच्या दोन्ही नकला कपाटात टाकल्या.

निघायच्या दिवशी चाची नारळाच्या वड्या घेऊन आल्या. मी चाचांची पुन्हा काहीतरी थट्टा केली, तशी त्या म्हणाल्या, "हसू नको गो त्यांना. आमची लेक सातवी पास झाली. मास्तरीण व्हायचं व्हतं तिला. ट्रेनिंगच्या अर्जावर बापाची सही पायजे व्हती नि हे बोटीवर, तिकडं लांब बसऱ्याला. हातात पडला तसा त्यांनी सही करून धाडला. कागद दीड महिन्यान आला. तवर जागा गेली, नि पोरीचा निकाहपन झाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टँडवर चाचा छत्री घेऊन आधीच उभे होते. मी वाकून नमस्कार केला तर संकोचून मागे सरले. गाडी सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी आले.

"पोचलीस की कागद धाड," ते म्हणाले. आणि गाडीबरोबर दोन पावलं चालत, "उशिरान आला तरी चालंल."

मुंबईत वसतिगृहात पाऊल टाकलं आणि ट्रंकही न उघडता मी त्यांना कार्ड लिहिलं. चाचा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते कार्ड त्यांना कितव्या दिवशी मिळालं, हे विचारायचा धीर मला कधीच झाला नाही.