पापण्यांच्या नांग्या

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही. बारामतीत सुनेच्या पार्लरबाहेर बाक आहे, त्यावर बसतो. एक किस्सा सांगून होईपर्यंत दुसरा चप्पल काढून आत गेलेला असतो! सातवीत शाळा सुटली, जन्मभर उसाचा ट्रक चालवला, आणि म्हातारपणी कशात जाणकार झालो? बायकांच्या पापण्यांत!

सून वैशाली पापण्या लावते. खऱ्या पापणीच्या एकेका केसावर एकेक खोटा केस चिमट्यानं धरून गोंदानं चिकटवायचा. खरा गळला की खोटाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून दर तीन आठवड्यांनी रिफिल. बाकावर ताटकळलेल्या एका नवऱ्यानं मला विचारलं, "आबा, ह्ये रिफिल म्हंजी काय?"

म्हटलं, "उसात कोंब आला न्हाय तितं काय करता?"

"नांग्या भरतो."

"त्येच चाललंय आत."

गड्यानं दाराकडं बघितलं. मला हळूच म्हणाला, "मग ड्रिपचं काय?"

* * *

इंदापूरच्या एक बाई आहेत, जुनं गिऱ्हाईक. पापण्या भरून एसटीत बसल्या आणि खिडकीला गाल टेकवून इंदापूरपर्यंत झोपल्या. दुसऱ्या दिवशी परत हजर! एक डोळा मोराच्या पिसाऱ्यासारखा, दुसरा सोललेल्या कोंबडीसारखा.

मी विचारलं, "ताई, एका डोळ्याचं हाफ तिकीट काढलं व्हतं का?"

ताई हसल्या. वैशाली हसली नाही. कुशीवर झोपू नका, तेल लावू नका, चोळू नका, हे ती प्रत्येकीला प्रत्येक वेळी सांगते. प्रत्येक बाई मान हलवते आणि घरी जाऊन ते सगळं करते.

* * *

आता सुमनकाकू. वालचंदनगरच्या क्वार्टर्समधल्या. वैशालीकडं एकच खुर्ची होती तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. चेष्टेत मला पुरून उरणारी बाई! मी म्हणायचो, "काकू, एवढ्या पापण्या कुणासाठी?" त्या म्हणायच्या, "तुमच्यासाठी. वारा घालते, गार व्हा!"

गेल्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली, डोक्यावर रुमाल आला. तरी रिफिलला वेळेवर. वैशालीला म्हणाल्या, "रुमालाची फॅशन म्हणून सांगता येतं गं. डोळे बोडके झाले की कॉलनी वळखंल. मग बाया शिऱ्याच्या वाट्या घेऊन येणार आणि माझ्याकडं बघून रडणार. मला न्हाय बघू द्यायचं."

एवढंच मागणं होतं बाईचं. पण खोट्या केसाला धरायला खरा केस लागतो.

* * *

एका सरपंचबाईंच्या मळ्यात पाहुणे आले. बाईंनी हौसेनं चुलीवर भाकरी टाकल्या, जाळ फुंकायला वाकल्या. प्लास्टिकच्या पापण्यांची टोकं वितळून वर गोळा झाली. बाईंना वाटलं, छान कर्ल आला! त्याच दिमाखात त्या लग्नाला गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोन जावा हजर. "सरपंचबाईंसारख्या करून द्या."

मी बाकावरून ओरडलो, "वैशाली, दोन चुलीवरच्या!"

वैशाली कपाळ धरून खाली बसली.

* * *

एकीनं सकाळी रिफिल केलं. पहिला दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, नाहीतर गोंद सुटतो. आणि दुपारी तिची सासू वारली!

वैशालीचा फोन वाजला. स्पीकरवर होता. मागं बायकांचा आकांत, आणि ही दबक्या आवाजात विचारतेय, "वैशाली, रडू का?"

वैशाली म्हणाली, "रडा वहिनी. पण पुसू नका."

वहिनी डोळ्याला पदर न लावता दिवसभर रडल्या. भावकीत अजून बोलतात, सून असावी तर अशी!

* * *

सुमनकाकू दर खेपेला येत राहिल्या आणि दर खेपेला पापणीचे केस कमी. वैशालीनं त्यांच्याच फोनवरून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता डोळ्याजवळ गोंद अजिबात नको. वैशालीनं काकूंना तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "डॉक्टरला कॉलनीत राहायचं न्हाय."

जेवताना वैशाली ताटाकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "भाकरीला पापण्या लावायच्यात का?" ती म्हणाली, "आबा, परवा त्या येणार. लावू कशावर? सहा-सात केस उरल्यात."

* * *

त्या आल्या. काळा चष्मा काढला. सहा-सातसुद्धा नव्हते.

"काकू," वैशाली म्हणाली, "आता..."

"वेळ घेतलीय मी," काकू म्हणाल्या. पलंगावर आडव्या झाल्या, डोळे मिटले. "कर तुझं काम."

दाराचा पडदा उघडाच होता. वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी बाकावरचा पेपर उचलला. मग तिनं दिवा जवळ ओढला आणि काकूंच्या डोळ्यांखाली पट्ट्या लावल्या. गोंदाची बाटली कपाटातच राहिली. तिनं रिकामा चिमटा घेतला आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चिमटा कडेशी न्यायचा, चिकटेपर्यंत थांबतात तेवढं थांबायचं, उचलायचा. मग त्याच्या शेजारी. एरवी लागतो तेवढा सगळा वेळ घेतला, एक केस चुकवला नाही. शेवटी छोट्या पंख्यानं वारा घातला, ब्रश फिरवला आणि काकूंच्या हातात आरसा दिला.

काकूंनी आरसा लांब धरला, जवळ धरला. मान तिरकी करून एक डोळा बघितला, मग दुसरा.

"कोपऱ्यात जरा दाट झाल्यात का गं?"

वैशाली वाकली. दोन्ही कोपरे नीट बघितले.

"व्हय काकू. पुढच्या वेळी पातळ करते."