कपाळाला लावून खिशात

“बंद करा! मारून टाकता काय त्याले!” सन एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास, केनवडच्या दगडांची गाडी ओढायच्या ट्रॅक्टर-शर्यतीआधी, एक अनोळखी मेकॅनिक माझ्यावर ओरडला. माझा म्हातारा ट्रॅक्टर असा काळा धूर ओकत होता, की कावळे भरदुपारी झोपायला गेले. हरलेला ट्रॅक्टर बैल जुंपून घरी न्यायची तिथली रीत होती, आणि माझे बैल आतापासूनच हसत होते.

मी बंद करायच्या आत त्यानं पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटून आतली धडधड ऐकली. मग इंजिन बंद करून, त्यावरून काहीतरी सोडून, कपाळाला लावून खिशात ठेवलं.

शर्यतीत ट्रॅक्टरनं दगडांची गाडी तर ओढलीच, मागोमाग अर्धं केनवडही सरकलं.

“भाऊ, कोणतं औषध पाजलं त्याले?” मी विचारलं.

त्यानं खिशातून लाल कापडं काढली. “दसऱ्याची फडकी. दरसाली पूजेले हवेच्या नळीच्या तोंडावर बांधत गेले तुमी, श्वास कोंडला त्याचा. मी सोडली.”