अप्पाला पाय न्हाईत

आईच्यान सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता मी जन्मभर कंडक्टर होतो आणि "मागं सरका, मागं जागा हाय" असं रोज ओरडायचो. मागं जागा कधीच नसायची! पण ते सोडा, हे खरं आहे.

आमच्या हुमनाबाद डेपोत किस्से सीटखालच्या भुईमुगाच्या टरफलांसारखे साचायचे. सकाळी झाडून काढावेत तर संध्याकाळी परत तितकेच! त्यातले निम्मे आमच्या लक्ष्मणअण्णाचे. अण्णा ड्रायव्हर, मी त्याचा कंडक्टर. आमची मुक्कामाची गाडी. रात्रीला परगावी जायची, सकाळी परत फिरायची. अण्णाचं घर मंठाळात, रस्त्यावरच. जाताना मंठाळ, येताना मंठाळ, आणि मुक्काम मात्र पुढच्या गावी!

* * *

मंठाळच्या स्टॉपवर कौसाक्का, म्हणजे अण्णाची बायको, भाकरीचं फडकं घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभी असायची. माणसं चढेस्तोवर जेवढा वेळ मिळेल, तेवढ्यात दोघांचा संसार.

"म्हस आटली."

"वैरण बदलून बघ."

"कामून, तुमी येऊन बदला की!"

एवढ्यात मी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारून "रैट!" म्हणायचो आणि गाडी हलायची. मग अण्णाचं उत्तर संध्याकाळच्या फेरीला. त्यांचं एक भांडण तर आठवडाभर चाललं. सकाळी ती एक वाक्य बोलणार, संध्याकाळी हा एक. सगळी गाडी ऐकत असायची! एक म्हातारी तर भांडणाचा निकाल ऐकायला दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आली. मी विचारलं, "कुठं जायलीस आज्जी?"

"कुटं न्हाई रे बाबा. मंठाळपतोर. त्यो काय म्हनतो बगते."

* * *

अण्णाची एकच लेक, सुमी. आईच्या कडेवर बसून खिडकीतल्या अप्पाला बघायची. अण्णा हात बाहेर काढून तिचा गाल ओढायचा, हॉर्न वाजवू द्यायचा. पोर खूश!

एकदा कधी नव्हे ती रजा मिळाली आणि अण्णा चालत घरी गेला. सुमी दारातच किंचाळली आणि आईच्या मागं लपली.

कौसाक्का म्हणाली, "अगं, अप्पा की ते!"

"न्हाईत! हे अप्पा न्हाईत! अप्पाला पाय न्हाईत!"

अण्णानं डेपोत येऊन हे सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. मेकॅनिक करीमभाई तर गाडीखालून बाहेर आला हसायला. अण्णाही हसला. मग मी आत्ताच पुसलेली समोरची काच त्यानं परत पुसायला घेतली.

* * *

त्याच रजेतलं. कौसाक्कानं ताट वाढलं. अण्णा ताटासमोर बसला, आणि बसलाच. घास काही उचलेना.

"काय बघायलात? आळणी हाय व्हय?"

अण्णालाच कळेना आपण कशाला थांबलोय. इतकी वर्षं कुणीतरी म्हटल्याशिवाय गडी हललाच नव्हता! शेवटी सुमीनं दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडली, "रैट!"

अण्णानं भाकरी मोडली. तेव्हापासून त्या घरात तोच नेम झाला. तो आला की सुमी पत्र्यावर थापा मारणार, मग हा जेवणार. आता वर्षाकाठी असे प्रसंग किती यायचे, ते विचारू नका.

* * *

सुमी शाळेत गेली, मोठी झाली. तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला अण्णा नव्हता, तापानं फणफणली तेव्हा नव्हता. तिचं लग्न चिंताकीला ठरलं, तेही त्या खिडकीतच. कौसाक्कानं पोराचं नाव सांगितलं, अण्णा "बरं हाय" म्हणाला, गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन सुमी आली. वर बघून म्हणाली, "अप्पा, माझ्या लग्नात तरी खाली उतरतासा का?"

"उतरतो की! तुझी शपथ."

* * *

अण्णा अर्ज घेऊन साहेबाकडं गेला. साहेब कानडी मुलखातला, माणूस वाईट नव्हता. पण लगीनसराई, निम्म्या गाड्या वऱ्हाडाला दिलेल्या, ड्रायव्हर अपुरे.

"रजा इल्ला, लक्ष्मण!"

"लेकीचं लगीन हाय, साहेब."

साहेबानं डोकं खाजवलं आणि त्याला एकदम सुचलं. "अरे, मग तिच्याच वऱ्हाडाची गाडी तू घेऊन जा!"

अण्णाला लेकीच्या लग्नाची ड्यूटी लागली! डेपोत आम्ही त्याला "वधुपिता ड्रायव्हर" म्हणून चिडवलं.

आदल्या वऱ्हाडाला सोडून येतायेताच उशीर झाला. त्यात गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, गेला. करीमभाई म्हणाला, "इसका सेल्फ मर गया जी. धक्का मारो, चालू करो, फिर बंद नक्को करो. पाँव उठाया की गई!"

आम्ही मंठाळात पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. अण्णा ॲक्सिलेटरवर पाय दाबून बसलेला. नवरी रडत रडत मागच्या दारानं चढली. बापानं तिला आरशात बघितलं.

* * *

चिंताकीला पोचलो. उन्हं उतरली होती. वऱ्हाड उतरलं, वाजंत्री सुरू झाली. आम्हाला लगेच दुसऱ्या वऱ्हाडाला जायचं होतं. सुमी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आली. पाया पडायला.

चाकाला लावायचा धोंडा गाडीत असतोच. तो मी उचलला आणि ॲक्सिलेटरवर ठेवला. इंजिन धडधडत राहिलं. अण्णा खाली उतरला, धुळीत उभा राहिला. सुमी वाकली, दोन्ही पायांना हात लावला आणि हसली, "अप्पा, पाय हाईत की तुमाला!" वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. मीही रडलो.

आता आईची शपथ घेतलीय म्हणून सांगतो. यातला तो धोंडा तेवढा माझ्या पदरचा. बाकी सगळं खरं. सुमी खरंच वळसा घालून आली, आई उभी राहायची तशी खिडकीखाली उभी राहिली.

अण्णा ॲक्सिलेटरवरचा पाय न उचलता वरूनच म्हणाला, "सुमे, सेल्फ गेलाय गं."

"ठाव हाय, अप्पा."

तिनं वाकून पुढच्या चाकाला हात लावला, तो कपाळाला लावला. मग हिरव्या चुड्याच्या हातानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली,

"रैट!"